जुन्या पाइपांची जाडी कोण मोजणार?



दसऱ्याच्या आगेमागे आपल्याकडचे एखादे जिल्हा वर्तमानपत्र उघडले, की एक छायाचित्र हमखास दृष्टीस पडते. ते असते साखर कारखान्यातील बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचे. झेंडूचे हार घातलेला बॉयलर, समोर नारळ, हातात पेटता काकडा घेतलेले प्रमुख पाहुणे आणि त्यांच्यामागे दाटीवाटीने उभी असलेली मंडळी. समारंभ चांगलाच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या छायाचित्रात एक माणूस सहसा नसतो. गेले कित्येक महिने त्याच बॉयलरच्या पोटात आडवे शिरून, नळ्या घासून, एकेक सांधा दिव्याच्या उजेडात न्याहाळणारा तो फिटर.

उसाचे गाळप संपले, की धुराडे थंड होते आणि बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना झोपला. वास्तविक त्याच वेळी आतील खरे काम सुरू होते. गिरण्यांचे रूळ उचलतात, पंप उकलतात, झडपा सोडवून त्यांच्या बैठका घासतात. बॉयलरच्या नळ्यांत पाण्यातील क्षारांचे किटण बसलेले असते, ते ब्रश फिरवून काढतात. पातळ झालेल्या नळ्या कापून नव्या बसवतात. शेवटी बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, नेहमी चालतो त्याहून अधिक दाब देऊन पाहतात. या परीक्षेला हवा न वापरता पाणी का वापरतात, याचा विचार केला आहे का? हवा दाबली की स्प्रिंगसारखी आकसते आणि पुष्कळ ऊर्जा साठवून ठेवते. भांडे फुटले तर ती सारी ऊर्जा एकदम मोकळी होते. पाणी जवळजवळ आकसत नाही. भांडे तडकले तर थोडे पाणी उडते, दाब झर्रकन उतरतो आणि परीक्षा घेणारा माणूस जिवंत राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

माझे म्हणणे असे आहे, की आपण मुलांना विज्ञान शिकवतो ते नवे काही शोधण्याचे, नवे काही उभारण्याचे. उभारलेले राखण्याचेही विज्ञान असते, हे आपण शिकवत नाही. दुरुस्ती म्हणजे कमी गुण मिळालेल्यांचे काम, पाना-हातोड्याचे काम, अशी समजूत शाळेपासूनच पक्की होते. ही समजूत नुसती चुकीची नाही, ती माणसे मारते. तुम्हांला हे अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून जेथे शिस्तीची आणि टापटिपीची वाण नाही असे आपण मानतो, त्या जपानात घडलेली एक हकिकत सांगतो.

जपानच्या फुकुइ प्रांतात मिहामा येथे अणुवीजकेंद्र आहे. तेथील तिसरी अणुभट्टी डिसेंबर 1976 मध्ये वीज देऊ लागली. 9 ऑगस्ट 2004 रोजी दुपारी टर्बाइनच्या इमारतीत एक पाइप अचानक फाटला. पाइप चांगला 56 सेंटिमीटर व्यासाचा होता. त्यातून सुमारे 140° सें. तापमानाचे पाणी, वातावरणाच्या नऊ-दहा पट दाबाखाली वाहत होते. इतके तापलेले पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. दाब सुटताच त्यातील काही भागाची क्षणार्धात वाफ झाली आणि ती इमारतभर पसरली. जवळच काम करणारे अकरा कामगार त्या वाफेत सापडले. त्यांपैकी पाच जण मरण पावले. किरणोत्सर्गाचा येथे काही संबंध नव्हता, कारण हे पाणी अणुभट्टीच्या गाभ्यातून फिरणारे नव्हते. कोणत्याही औष्णिक वीजकेंद्रात असतो तसाच हा साधा पोलादी पाइप होता.

तो का फाटला? बसवला तेव्हा त्याची जाडी 10 मिलिमीटर होती. नियमाप्रमाणे ती 4.7 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. फाटला तेव्हा काही जागी ती दीड मिलिमीटरहूनही कमी उरली होती.

आता थोडे गणित करू. गोल पाइपच्या भिंतीवर आतील दाबामुळे जो ताण पडतो, तो काढण्याचे सूत्र अगदी सोपे आहे. दाबाला व्यासाने गुणा आणि भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागा. दाब दर चौ. सें.मी.ला 9 किलोग्रॅम धरा, व्यास 56 सें.मी., जाडी 1 सें.मी. उत्तर येते दर चौ. सें.मी.ला सुमारे 250 किलोग्रॅम. साधे पोलाद याच्या आठ-नऊपट ताण सहज सोसते, तेव्हा काळजी नाही. जाडी निम्मी झाली, ताण दुप्पट, म्हणजे 500. तरीही पाइप उभाच आहे, बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. जाडी दीड मिलिमीटर झाली की ताण 1,700 च्या आसपास येतो, आणि त्याहून पातळ झाली की पोलादाची सहनशक्तीच संपते. म्हणजे पाइप वर्षानुवर्षे निमूटपणे सोसतो आणि अखेरच्या थोड्या काळात एकदम जातो. बाहेरचा रंग मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तसाच राहतो. त्यावर उष्णतारोधक आवरण असेल, आणि ते असतेच, तर रंगही दिसत नाही.

जाडी गेली कोठे, असे तुम्ही विचाराल. गंजली म्हणावे तर येथे एक कोडे आहे. नववी-दहावीत खिळ्यांचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. एका परीक्षानळीत साधे पाणी, दुसरीत उकळून थंड केलेले पाणी व वर तेलाचा थर. पहिल्या नळीतील खिळा गंजतो, दुसरीतील चकचकीत राहतो, कारण उकळल्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि गंजण्यास ऑक्सिजन हवा. वीजकेंद्रातील पाण्यातूनही ऑक्सिजन काळजीपूर्वक काढून टाकलेला असतो. मग आपल्या दुसऱ्या नळीतील खिळ्याप्रमाणे हा पाइप सुखात का राहिला नाही?

याचे कारण, आपल्या परीक्षानळीतील पाणी थंड आणि स्तब्ध असते. पाणी पुरेसे तापले की लोखंड खुद्द पाण्याशीच अभिक्रिया करते आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडाचा, मॅग्नेटाइटाचा, पातळ थर बसतो. हा थर एका परीने लोखंडाचे चिलखत असतो. पण तो ऑक्सिजनविरहित गरम पाण्यात अगदी किंचित विरघळतो. पाणी संथ असेल तर विरघळलेले लोह तेथेच घुटमळते आणि पुढचे विरघळणे मंदावते. पाणी खळखळत असेल तर ते लोह वाहून जाते, चिलखत पातळ होते, ते भरून काढण्यासाठी खालचे आणखी लोखंड खर्ची पडते, ते पुन्हा वाहून जाते. नेमके 140° ते 150° सें.च्या सुमारास हे प्रमाण सर्वांत अधिक असते. आणि नेमके फाटलेल्या जागेच्या अलीकडे, प्रवाह मोजण्यासाठी, मध्ये भोक असलेली एक तबकडी पाइपात बसवलेली होती. ओढ्याच्या पाण्यात मोठा धोंडा असला, की त्याच्या पलीकडच्या अंगाला भोवरे उठतात. तसेच भोवरे या तबकडीच्या पलीकडे अठ्ठावीस वर्षे, रात्रंदिवस, पाइपची एकच जागा धूत होते. पोलादात एक-दोन टक्के क्रोमियम असते तर ही झीज पुष्कळच रोखली गेली असती.

शास्त्रज्ञांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. डिसेंबर 1986 मध्ये अमेरिकेतील सरी वीजकेंद्रात असाच पातळ झालेला पाइप वळणापाशी फुटून चार माणसे दगावली होती. त्यानंतर जगभर अशा जागांच्या याद्या तयार झाल्या. मिहामातही यादी होती. या फाटलेल्या जागेचे नाव तेवढे त्या यादीत लिहिण्याचे राहून गेले होते. म्हणून अठ्ठावीस वर्षांत तिची जाडी एकदाही मोजली गेली नाही. 2003 साली ही चूक ध्यानात आली, जागेची नोंद झाली आणि मोजणी पुढल्या नियोजित तपासणीत करण्याचे ठरले. ती तपासणी 14 ऑगस्ट 2004 पासून सुरू व्हावयाची होती. अपघात झाला 9 तारखेला. त्या दिवशी तेथे असलेले कामगार त्याच तपासणीच्या तयारीसाठी आले होते.

हे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही. झीज एकसारख्या गतीने होत गेली असे धरून तुम्हीच हिशेब करून पाहा. साडेआठ मिलिमीटर अठ्ठावीस वर्षांत, म्हणजे वर्षाला साधारण एका जाडसर पोस्टकार्डाइतकी. या हिशेबाने 4.7 मिलिमीटरची मर्यादा 1993-94 च्या सुमारासच ओलांडली गेली असावी. त्यानंतर दहा वर्षे त्या पाइपशेजारून माणसे येत-जात होती.

मोजणे काही फार अवघड होते का? मुळीच नाही. माठ विकत घेताना आपली आजी बोटाने टिचकी मारून पाहते ना? तडा असेल तर आवाज बद्द येतो. रेल्वेची चाके हातोडीने ठोकून पारखण्यामागे हेच तत्त्व आहे. पाइपची जाडी मोजण्यासाठी याहून पुष्कळ बारीक, आपल्याला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी वापरतात. हातात मावेल एवढे उपकरण असते. पाइपवरचे आवरण काढावयाचे, जागा घासून स्वच्छ करावयाची, तिच्यावर ग्लिसरीन किंवा तसलाच चिकट लेप लावावयाचा, कारण मध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर ध्वनी पोलादात शिरतच नाही. ध्वनी पोलादातून सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने जातो, आतल्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. दहा मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून जाऊन येण्यास त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साधारण साडेतीन पट वेळ लागतो. हा वेळ मोजला की जाडी कळली. पाइप कापावा लागत नाही.

अवघड आहे ते कोठे मोजावयाचे हे ठरवणे. मोठ्या कारखान्यात पाइपांची लांबी कित्येक किलोमीटर भरते, प्रत्येक वीतभर जागा मोजणे कोणालाच शक्य नाही. तेथे डोके लागते. वळणाचे बाहेरचे अंग, झडपेच्या पुढचा भाग, जेथे दोन प्रवाह मिळतात ती जागा, जेथे पाणी नुसतेच साचून राहते असा बंद फाटा, आवरणाखाली पावसाचे पाणी मुरते तो भाग, पाइप टेकूवर टेकतो ती जागा. द्रव कसा वाहतो, धातू कशाने झिजतो, पूर्वी काय काय घडले, हे ज्याला एकत्र आठवते तोच चांगली यादी करू शकतो. यात भौतिकी आहे, रसायन आहे, आणि इतिहासही आहे. याला तुम्ही पाना-हातोड्याचे काम म्हणता!

मोजून पातळ भाग सापडला, तरी पुढे दुरुस्ती करावयाची असते, आणि घाईची दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट ठरू शकते. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. सायक्लोहेक्झेन हा पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव तेथे तापवून, दाबाखाली, सहा मोठ्या पात्रांतून एकापाठोपाठ फिरवीत. मार्च 1974 मध्ये पाचव्या पात्राला मोठा तडा गेलेला आढळला. तडा जाण्याचे कारणही विचार करण्यासारखे आहे. त्या पात्रावर एका गळतीवरचा तात्पुरता उपाय म्हणून पाण्याचा फवारा सोडलेला होता. त्या पाण्यात नायट्रेट होते आणि नायट्रेटाने ताणाखालचे पोलाद तडकते! पाचवे पात्र काढले, आणि उत्पादन थांबू नये म्हणून चौथे व सहावे पात्र जोडणारे पाइपचे एक ठिगळ घाईघाईने तयार केले. पात्रांची तोंडे 28 इंचांची, हाताशी असलेला पाइप 20 इंचांचा. पात्रे पायऱ्यांसारखी उतरत्या पातळीवर, म्हणून पाइपला दोन ठिकाणी बाक द्यावा लागला. त्याच्या दोन्ही टोकांना भात्यासारखे लवचीक सांधे होते. अशा बाकदार पाइपला दाब आतून पिळवटू पाहतो. त्याचा हिशेब कोणी केला नाही. आराखडा कागदावर काढलाच गेला नाही, खडूने वर्कशॉपच्या जमिनीवर काढला. मघाची पाण्याची परीक्षा आठवते? ती येथे झाली नाही. वायूने दाब देऊन फक्त गळती पाहिली, आणि तीही सुरक्षा झडप उघडण्याच्या दाबापर्यंत नेली नाही.

ते ठिगळ दोन महिने टिकले. 1 जून 1974 रोजी, शनिवारी सायंकाळी, ते निखळले. सुटलेल्या बाष्पाचा ढग पेटला आणि 28 माणसे मेली. त्यांतील 18 नियंत्रण कक्षातली होती. सुट्टीचा दिवस नसता तर संख्या कितीतरी वाढली असती.

आणि आपल्या भोपाळचे काय? 2 डिसेंबर 1984 च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा तो जाळून टाकण्यासाठी उभारलेला मनोरा निकामी होता. त्याकडे जाणाऱ्या पाइपचा गंजलेला तुकडा काढलेला होता आणि नवा बसवलेला नव्हता. वायूचा साठा थंड ठेवणारी यंत्रणा त्याच वर्षी जूनपासून बंद होती. या अनर्थाला इतरही कारणे आहेत, आणि तो तुकडा जागेवर असता तर तो मनोरा एवढा वायू पेलू शकला असता असेही म्हणता येत नाही. पण तो पाइप जागेवर नव्हता, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, मग जुने कारखाने मोडून टाका. मला हे पटत नाही. वय हे वर्षांनी मोजावयाचे नसते. नीट राखलेला जुना पाइप न पाहिलेल्या नव्या पाइपपेक्षा केव्हाही बरा. मिहामाची तीच तिसरी अणुभट्टी दुरुस्तीनंतर 2007 साली पुन्हा सुरू झाली. चाळीस वर्षांहून अधिक वयाची असूनही तपासणी व सुधारणा करून 2021 साली ती परत चालू करण्यात आली. आपल्यासारख्या देशाला तर उभारलेले सर्व काही दर तीस वर्षांनी फेकून देणे परवडणारेही नाही.

खरी अडचण निराळी आहे. देखभाल उत्तम झाली, की काहीच घडत नाही. हजार ठिकाणी जाडी मोजून “सर्व ठीक आहे” असा अहवाल देणाऱ्या माणसाने पैसे वाया घालवले असेच खर्चाचा हिशेब पाहणाऱ्याला वाटते. पुढच्या वर्षी तो म्हणतो, पाचशेच मोजा. त्याही वर्षी काही घडत नाही, म्हणून अडीचशे. न झालेल्या स्फोटाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, आणि तो कोणी टाळला हे टाळणाऱ्यालाही कळत नाही. बक्षीस, बढती, हार हे सर्व उत्पादन वाढवणाऱ्याच्या वाट्याला जाते. खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. त्या पूजेतले मला सर्वांत आवडते ते आदल्या दिवशीचे पुसणे, कारण चिकट तेलाचा थर पुसला की खालचा तडा दिसतो. हे पुसणे वर्षातून एकदाच का, एवढेच मला विचारावेसे वाटते.

शिक्षकांना एक विनंती आहे. गंजण्याचा प्रयोग दोन-तीन परीक्षानळ्यांवर संपवू नका. भंगारवाल्याकडून जुन्या पाण्याच्या पाइपचा वळणाजवळचा एखादा तुकडा आणा, तो करवतीने आडवा कापा, कडा कानशीने साफ करा, आणि मुलांना व्हर्निअर कॅलिपरने भिंतीची जाडी सभोवार आठ ठिकाणी मोजावयास सांगा. मुलांनो, आठही आकडे सारखे येणार नाहीत. प्रयोगवहीत नेहमी करता तशी त्यांची सरासरी मात्र काढू नका. सर्वांत लहान आकडा कोणता आणि तो वळणाच्या कोणत्या अंगाला आला, तेवढे तारीख घालून लिहून ठेवा.